चिमटेवाल्या पावरा मॅडम

पावरा मॅडमच्या जाकिटाच्या खिशात सायकलची घंटी असायची. मॅडम यायच्या स्कूटीवर आणि स्कूटीला चांगला खणखणीत हॉर्न होता, त्यामुळे ही घंटी कशासाठी ते मला पहिल्या भेटीत समजलं नाही. मी नंदुरबारच्या त्या विशेष शाळेच्या व्हरांड्यात माझ्या मुलीचा, रेणूचा, हात धरून उभा होतो. म्हणजे धरला मी होता आणि ओढत ती होती. समोर एक मुलगा चप्पल हातात घेऊन उभा. फळीवर ठेवायला तयार नाही. मॅडम त्याच्याशेजारी उकिडव्या बसल्या होत्या आणि काहीच करत नव्हत्या. रागावणं नाही, गोंजारणं नाही, ‘शहाणा ना तू’ नाही. बऱ्याच वेळानं त्यानं चप्पल फळीवर ठेवली. लगेच मॅडम म्हणाल्या, “चप्पल फळीवर ठेवलीस,” आणि खिशातली घंटी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं ती मनसोक्त वाजवली, परत दिली आणि वर्गात निघून गेला.

मी कापडदुकानदार. माणसं खूश करायच्या सगळ्या युक्त्या आपल्याला येतात असा माझा समज. मी पुढे होऊन म्हणालो, “मॅडम, चॉकलेट दाखवलं असतं तर पटकन ठेवली असती.”

“त्याला चॉकलेट आवडत नाही.”

“चॉकलेट न आवडणारं पोर असतं का?”

“तुम्हाला काय आवडतं, दादा?”

मी विचार न करता खरं सांगून टाकलं. “गोष्टी सांगायला.”

“मग तुम्ही काही चांगलं केलंत आणि मी तुमच्या हातावर चॉकलेट ठेवलं, तर पुन्हा कराल?”

माझी बायको सुनंदा शेजारीच उभी होती. मला उत्तर न सुचल्याचा तो प्रसंग तिनं पुढे माहेरी फोन करून सांगितला.

ते खाकी जाकीट मॅडमनी शिंप्याकडून खास शिवून घेतलं होतं. त्याला खिसेच खिसे. वर्गातल्या प्रत्येक पोराचा एक. एकात घंटी, एकात वासाच्या साबणाची वडी, एकात भिंग, एकात नुसता खडबडीत दगड. मॅडम चालायला लागल्या की भांड्यांची हातगाडी आल्यासारखा आवाज व्हायचा. मूळच्या त्या धडगावकडच्या. घरी पावरी बोलायच्या, शाळेत मराठी, आणि माझ्या आईशी अहिराणी, पण तिन्ही भाषांत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “मला आधी बघू द्या.” नवीन पोराला कोणतं बक्षीस द्यायचं असं कोणी विचारलं की हेच. पोर चावतं, पळतं, ताट फेकतं, काय करू? तरी हेच.

रेणूला बघायला त्या आमच्या घरी आल्या. घर म्हणजे खाली दुकान, वर आम्ही. मॅडम दुकानातल्या गादीवर भिंतीला टेकून बसल्या आणि बघायला लागल्या. थोड्याच वेळात रेणूनं किंचाळून गादीवर अंग टाकलं. मग आमचं घर कामाला लागलं. आई वरून जिलेबीचा पुडा घेऊन धावत आली. मी मोबाइलवर रेणूचं गाणं लावलं. दुकानात वर्षानुवर्षं काम करणारे आमचे दगाभाऊ डोक्यावर टॉवेल टाकून नाचायला लागले. रेणू थांबली, जिलेबी खायला लागली. मी अभिमानानं मॅडमकडे पाहिलं. एवढी एकजूट त्यांना दुसऱ्या घरात कुठे दिसणार होती?

“तुमच्याकडे बक्षिसाची पद्धत आहे की,” मॅडम म्हणाल्या. “फार जुनी आणि फार पक्की. माझ्या शाळेतसुद्धा इतकी नेमानं चालत नाही.”

“हो ना?” मी म्हणालो.

“फक्त उलटी आहे. ती शांत बसली होती तेव्हा तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. किंचाळली तेव्हा जिलेबी, गाणं आणि नाच. मी तिच्या जागी असते तर मीपण किंचाळले असते.”

आईला ते अजिबात पटलं नाही. “पोर रडी ऱ्हायनी नि आपन देखत बसानं का?”

“हा माय. देखत बसानं. ती गप बसनी का मंग देवानं.”

“आनि गप बसनीच नही तं?”

“मंग मी शे ना.”

सुनंदा तोवर जिन्याच्या पायरीवर बसून होती. ती खाली आली आणि एकदम म्हणाली, “मॅडम, माझ्या भावाचं लग्न आहे.”

इथे थोडं सांगायला हवं. रेणू झाल्यापासून सुनंदा आणि मी एकत्र कोणत्याही लग्नाला गेलो नव्हतो. एकानं जायचं, एकानं रेणूजवळ थांबायचं. एकदोनदा मी एकट्यानं तिला नेऊन पाहिलं, पण बँड वाजला की रेणू हात चावून घ्यायची, अक्षता अंगावर पडल्या की ताटं उडायची. सुनंदाचं माहेर कोरीटचं, नंदुरबारपासून लांब नाही, पण तिथल्या लग्नांनाही ती अक्षता टाकून न जेवता परतलेली. आता तिच्या एकुलत्या एका भावाचं, गणेशचं, लग्न कोरीटलाच, त्यांच्या दारात व्हायचं होतं. नवरदेवाच्या मागे कऱ्हा घेऊन करवली म्हणून तिला उभं राहायचं होतं. तिच्या मोठ्या काकूंचा निरोप मात्र आधीच आला होता : “पोरले घरच ठेवज्यात. उगाच लोकेस्मा तमाशा नको.” सुनंदानं कळवलं होतं की रेणू येणार नसेल तर मीही येणार नाही. त्यावर कोरीटहून काही उत्तर आलं नव्हतं, आणि ते न आलेलं उत्तर सुनंदा भाजी चिरतानासुद्धा ऐकत असायची.

मॅडमनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी विचारलं, “लग्न कधी आहे?”

“होळीनंतर.”

“मग वेळ आहे. लग्न म्हणजे एक काम नाही, ताई, पुष्कळ कामं आहेत. गर्दी वेगळी, बँड वेगळा, अक्षता वेगळ्या, पंगत वेगळी. एकेक करू. पण आधी बक्षीस सापडू द्या.”

“जिलेबी आहे ना,” मी म्हणालो.

“जिलेबी आजीला आवडते, दादा. मला आधी बघू द्या.”

बक्षीस सापडलं ते माझ्या डोळ्यांसमोर, आणि ते मला दिसलं नाही. एक बाई अस्तर घ्यायला आली. मी कापड मोजलं, कात्रीनं चिमूटभर काप दिला आणि नेहमीप्रमाणे दोन्ही हातांनी टर्र करून फाडलं. मॅडम म्हणाल्या, “पुन्हा फाडा.” मला वाटलं त्यांनाही अस्तर हवंय. मी चिंधी घेऊन फाडली. “तिच्याकडे बघा.” रेणू सतत मागेपुढे डुलत असायची. कापड फाटताना ती थांबली होती, मान तिरकी करून, ओठांवर हसू येऊ घातलेलं. मी इतकी वर्षं तिच्यासमोर कापड फाडत होतो आणि जिलेबी आणायला स्टेशन रोडपर्यंत जात होतो.

मग चिमटे आले. कपडे वाळत घालायचे साधे प्लास्टिकचे रंगीत चिमटे. रेणू गादीवर थोडा वेळ शांत बसली की मॅडम काय केलं ते बोलून सांगायच्या, “मांडी घालून बसलीस,” आणि फ्रॉकच्या घेराला एक चिमटा लावायच्या. घेर पुरेसा भरला की एक पट्टी फाडायला मिळायची. कशाला काय मिळतं हे रेणूला लवकर कळलं. आम्हाला वेळ लागला.

कारण किंचाळण्यावरची जिलेबी बंद झाल्यावर किंचाळणं आधी वाढलं. समोरचा सोनार येऊन “सगळं ठीक ना?” विचारून गेला. आई देवापुढे कान झाकून बसली. मॅडम म्हणाल्या, “ती विचारतेय, खरंच बंद झालं का? सगळ्यांनी एकच उत्तर द्या. एकानं जरी हळूच दिलं तरी ती म्हणेल, अजून जोरात विचारायला हवं होतं.” आणि बोलता बोलता त्यांची नजर आईच्या पदराकडे गेली. पदराच्या गाठीतून जिलेबीचा पाक झिरपत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जास्तीचे चिमटे आणले. ते आमच्यासाठी होते. रेणू किंचाळली आणि आई जागची हलली नाही की आईच्या पदराला चिमटा. मी मोबाइलला हात लावला नाही की माझ्या कॉलरला. बक्षीस ज्यानं त्यानं सांगायचं. आईनं मॅडमच्या स्कूटीवरून गावातून एक फेरी मागितली. दगाभाऊंनी दुपारची झोप मागितली, जी ते तशीही घेतच होते. मी म्हणालो, मला एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगायची आहे, आणि सुनंदानं मध्ये ‘असं नव्हतं झालं’ म्हणायचं नाही.

“हे फार महाग आहे,” सुनंदा म्हणाली. “दुसरं काही मागा.”

आम्हा मोठ्या माणसांना चिमट्यांचं जे वेड लागलं ते सांगायची सोय नाही. आई गुलाबी चिमटे पदराला मिरवत देवळात जायला लागली. बायकांनी विचारलं तर म्हणायची, “मन्ही परीक्षा चालू शे.” मी एकदा कॉलरला पिवळा चिमटा लावून बँकेत गेलो, आणि साहेबांनी कॉलरकडे बघत मला आधी खुर्ची दिली. आईची फेरी सर्वांत आधी झाली. मॅडमच्या मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली माझी आई मिरची बाजारापर्यंत जाऊन आली आणि उतरल्यावर म्हणाली, “मॅडमबाई, हळू चालाडस तू. आखो जोरमा चालाडनं व्हतं.” मी गोष्ट सांगितली तेव्हा सुनंदा खरंच एक शब्द बोलली नाही. पण तोंडात पदराचा बोळा धरून ती अशी बसली की माझं मलाच ‘असं नव्हतं झालं’ म्हणावं लागलं.

मग लग्नाची तालीम सुरू झाली. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा दुकानात लग्न लागायचं. मी नवरदेव, सुनंदा नवरी, आई भटजी. दगाभाऊ एका बाजूनं आणि कधी मॅडम, कधी रिकामा बसलेला सोनार दुसऱ्या बाजूनं अंतरपाट धरायचे. बँड मोबाइलवर, आधी अगदी हळू, मग रोज थोडा मोठा. पहिल्या दिवशी रेणूवर तांदळाचा एकच दाणा टाकला. तो सहन झाल्यावर चिमूट, मग मूठ. आईला मंगलाष्टकं पूर्ण येत नव्हती. मध्येच विसरली की ती त्याच चालीवर घरातल्या कुरबुरी म्हणायची, आणि शेवटी “सावधान.” त्या दिवसांत सुनंदाशी माझं इतक्या वेळा लग्न लागलं की तिच्या सहनशीलतेची मला पहिल्यांदा कल्पना आली. गिऱ्हाइकं दारात थबकायची. एकानं विचारलं, “सेल आहे का?” दगाभाऊ म्हणाले, “नही भो, लगीन शे. थांब जराखा.”

रेणू बसायला लागली. आधी बँडपुरती, मग बँड आणि अक्षतांपुरती, मग पूर्ण. ‘सावधान’ झालं, अंतरपाट खाली आला की रेणूला पट्टी फाडायला मिळायची. बक्षिसाच्या पट्ट्या वेगळ्या कापून माझ्या खिशात ठेवायच्या असं ठरलं होतं. पण दगाभाऊंच्या हातात अंतरपाट असायचाच, अस्तराचा उरलेला तुकडा, आणि हातातलं कापड सोडून खिशातलं काढायला कापडवाल्याचा हात जात नाही. दगाभाऊ अंतरपाटच पुढे करायचे. टर्र. सगळे खूश. मॅडम तिथेच असायच्या, पण त्यांचं लक्ष रेणूच्या चेहऱ्याकडे.

लग्नाच्या दिवशी परत यायची सोय म्हणून दगाभाऊंना घरी ठेवलं. रेणूला नाही जमलं तर मी तिला घेऊन यायचं, सुनंदानं मागे वळून पाहायचं नाही, असा मॅडमचा हुकूम होता. मॅडम स्वतः आल्या, जाकीट घालून, मंडपात शेवटच्या रांगेत बसल्या. कोरीटच्या मंडळींना वाटलं मोबाइल दुरुस्तीवाल्या बाई आहेत. मोठ्या काकू रेणूकडे पाहून सुनंदाला म्हणाल्या, “लई शे ना हट्ट तुन्हा?” सुनंदानं कऱ्हा घेतला आणि गणेशच्या मागे जाऊन उभी राहिली.

बँड वाजला. रेणूनं माझा हात दाबला, चावला नाही. मी चिमटा लावला. लोक तिच्या अंगावरून पुढेमागे गेले. चिमटा. अक्षता पडायला लागल्या तेव्हा तिनं डोळे मिटले आणि बसून राहिली. मोठ्या काकू माझ्या पुढच्याच रांगेत होत्या, त्या मागे वळून तिच्याकडे बघत राहिल्या आणि अक्षता टाकायच्या विसरल्या. सुनंदानं एकदाही मागे पाहिलं नाही. तिची मान मागून मला दिसत होती. इतकी सरळ मान मी आमच्या लग्नातही पाहिली नव्हती.

शेवटचं ‘सावधान’ झालं. अंतरपाट खाली आला. मी खिशातून पट्टी काढली. रेणूनं ती बघितलीसुद्धा नाही. ती उठली, रांगा ओलांडून सरळ भटजींपुढे गेली आणि हात पुढे केला.

भटजींनी तिच्या हातावर सुपारी ठेवली. तिनं सुपारी पाटावर ठेवली आणि पुन्हा हात पुढे केला, अंतरपाटाकडे. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मागे वळलो तर मॅडम जागेवरून उठलेल्या, दोन्ही हात डोक्याला.

“अंतरपाट शे तो लगीनना,” मोठ्या काकू ओरडल्या. “तो फाडतस का कोनी? अपशकुन शे. धरा तिले.”

सुनंदाच्या हातात कऱ्हा, तो खाली ठेवता येईना. रेणूचं डुलणं सुरू झालं होतं, आणि त्यानंतर काय येतं ते आम्हा दोघांना माहीत होतं.

मॅडम गर्दीतून खडखडत पुढे आल्या. त्यांनी रेणूला हात लावला नाही. गणेशला म्हणाल्या, “भाऊ, ती पूर्ण लग्न शांत बसली. त्याबद्दल तिला हे मिळतं, असं आम्ही शिकवलंय. चूक आमची आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिला बाहेर नेते. पण तिनं कमावलंय.”

गणेशनं बहिणीकडे पाहिलं. मग भटजींना विचारलं, “महाराज, मन्हं लगीन लागनं ना?”

“लागलं.”

“मंग आते या कापडनं काय काम शे?” त्यानं अंतरपाट घेतला, दातांनी कडेला काप दिला आणि एक टोक रेणूच्या हातात दिलं.

माइक भटजींच्या गळ्याशी होता. अख्ख्या कोरीटनं तो आवाज ऐकला. टर्र. आणि त्यामागून रेणूचं हसणं, तेही भोंग्यातून. आधी पोरं हसली, मग बायका, मग भटजी. तेवढ्यात नवी नवरी, जिनं सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, ती मुंडावळ्या बाजूला करून हळूच म्हणाली, “मी बी धरू का एक टोक?” सासरच्या दारातले तिचे ते पहिले शब्द. मामी आणि भाचीनं मिळून उरलेला अंतरपाट फाडला. बँडवाल्यांना हे रीतीतच आहे असं वाटलं असावं, त्यांनी जोरात सुरू केलं.

मॅडम मला पाण्याच्या टाकीपाशी सापडल्या. हसून हसून डोळे पुसत होत्या. “दादा, आपण तिला लग्नात बसायला शिकवलंच नाही. अंतरपाट फाडायला शिकवलं. बसणं त्यात फुकट मिळालं.”

“आता?”

“आता काय, प्रत्येक लग्नात मामा नसतो. सोडवू हळूहळू.” आणि लगेच, “सुनंदाताईंना पाहिलंत? त्या जेवतायत.”

सुनंदा पंगतीत बसली होती, रेणू शेजारी, आणि मोठ्या काकू वाकून तिला दुसऱ्यांदा वाढत होत्या. काकू कोणाकडे न पाहता म्हणाल्या, “पोर बसनी बरं का चांगली.” मॅडमनी जाकीट चाचपलं, एक चिमटा काढला आणि जाऊन काकूंच्या पदराला लावला.

पट्टीची पुढे लहान चिंधी झाली, मग कधी चिमटे नुसतेच लावले जाऊ लागले आणि कधी तेही राहून गेले. रेणू अजून किंचाळते कधीकधी. आम्हीही किंचाळतो. पण या वर्षी पावरा मॅडम गेल्या. धडगावला, त्यांच्या डोंगरातल्या पोरांसाठी वर्ग सुरू झाला आणि त्यांनी तिकडे जायचं ठरवलं. जाताना आईनं त्यांना विचारलं, “तठली पोरं कशी शेतस?” त्या म्हणाल्या, “अजून देखं नही, माय. आधी देखसू.”

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला, वर्ग बघायला या म्हणून. सुनंदानं घेतला. मॅडमनी विचारलं असावं की मागे कोण राहणार, कारण सुनंदा म्हणाली, “कोणी नाही. सगळेच येतोय.” मग ती फोन ठेवून उभीच राहिली, जणू दुसरंच कोणीतरी बोललं होतं.

निघायच्या सकाळी जीप दाराशी आली, आई पुढे बसली, दगाभाऊ मागे, रेणू खिडकीशी. सुनंदानं घराचं दार ओढलं, कडी लावली आणि मला म्हणाली, “कुलूप द्या.” आम्ही फडताळं उघडली, ट्रंक उघडली, देवघर पाहिलं. दुकानाच्या शटरला तीन कुलपं होती, घराला एकही नव्हतं. इतक्या वर्षांत त्या दाराला कुलूप लावायची वेळच आली नव्हती, कोणी ना कोणी आत असायचंच. जीपवाला हॉर्न मारत होता. मी पळत जाऊन कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून नवं कुलूप आणलं. सुनंदानं ते लावलं, दोनदा ओढून पाहिलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि जीपमध्ये येऊन बसली.